कापराची कड

सेल्युलॉइडची पट्टी पात्याने खरवडली की कापराचा वास येतो. भाच्यासाठी गिटार घडते आहे. तिच्या कडेला काय लावायचं ते ठरवायला तो मला कारागिराकडे घेऊन गेला होता. टेबलावर नमुने मांडले होते: पांढरी मेपल, जांभळट शिसवी, तिरप्या तुकड्यांची हेरिंगबोन, न्यूझीलंडच्या पावा शिंपल्याची निळी-हिरवी पट्टी. शेवटी एक फिकट पिवळसर पट्टी, आत बारीक उभ्या रेषा असलेली. कारागिराने तिच्यावरून नुकतंच पातं फिरवलं होतं. ‘मामा, ही हुंगून बघ,’ भाचा म्हणाला. कापूर! अगदी देव्हाऱ्यातला.

गिटारची वरची फळी आणि बाजू जिथे मिळतात, तिथे लाकडाचा आडवा छेद उघडा पडतो. हवेतली ओल लाकडात शिरते ती तिथून, आणि धक्का लागतो तोही तिथेच. म्हणून तेवढी कड कोरून काढतात आणि तिथे पट्टी बसवतात. मिरजेच्या तंबोऱ्यातही भोपळा आणि तबली जुळतात त्या रेषेवरच पांढरी पट्टी फिरते, तिच्यावर कोरून रंग भरलेली वेलबुट्टी असते. पूर्वी उंची वाद्यांना ती हस्तिदंताची असे. आता प्लास्टिकची असते. पट्टीचा पदार्थ बदलला, जागा बदलली नाही. या सजावटीवर माझा जीव आहे तो त्यामुळेच. जिथे जोड आहे तिथे ती बसते.

आणि हा कापूर? कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून जो स्फोटक पदार्थ होतो, त्यात कापूर मिसळून, उष्णता आणि दाब देऊन सेल्युलॉइड तयार होतं. अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. त्याला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं. जॉन वेस्ली हायट त्याच्या मागे लागला आणि जुलै 1870 मध्ये त्याने या कृतीचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्र्यंबकेश्वरला धुंडिराज गोविंद फाळके जन्मले होते. या दोन जन्मांचा एकमेकांशी संबंध नाही, पण मला तो जोडल्याशिवाय राहवत नाही. 1913 साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फितीवर उतरला, ती फीतही याच घराण्यातली, कापूस आणि आम्लाची.

आमच्या गावातल्या टॉकीजच्या मागे, जिन्याखाली, तुटलेल्या फिल्मचे तुकडे पडलेले असत. त्यांच्याबरोबर जळून आखूड झालेल्या कार्बनच्या कांड्याही सापडत. त्यांनी फरशीवर रेघा छान उमटत. आम्ही फ्यूज गेलेल्या बल्बचं बूड फोडून त्यात पाणी भरायचो, अंगणात एकाने आरसा धरून ऊन आत खोलीत सोडायचं, दुसऱ्याने उजेडात फिल्मचा तुकडा धरायचा, मध्ये तो पाण्याचा बल्ब. समोरच्या धोतरावर उलटा माणूस उभा राही. मग फिल्म उलटी धरायची. एका तुकड्यात एक बाई दार उघडत होती. सगळ्या चौकटींमध्ये हात कडीवरच, कुठे बोटभर वर, कुठे खाली. दार उघडलेलं आम्ही कधी पाहिलं नाही, पण त्या बाईसाठी अख्खी मे महिन्याची सुट्टी पुरली. टॉकीजचे म्हातारे ऑपरेटर आम्हाला हाकलत नसत. ‘घ्या रे, ही जळायची नाही,’ असं म्हणत. त्यांच्या उमेदीच्या काळातली फिल्म पेटायची. केबिनला म्हणून पत्रा मारलेला, भिंतीला वाळूच्या बादल्या टांगलेल्या. एकदा पेटलेलं रीळ पाण्यात बुडवलं तरी पाण्याखाली जळत राहिलं, हे ते सांगत आणि आम्हाला ती थाप वाटे. थाप नव्हती. त्या जुन्या, नायट्रेट फिल्मला बाहेरचा प्राणवायू लागत नाही, तो तिच्या पोटातच असतो. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं आगीत गेली, त्या बातमीपाशी मी बराच वेळ थांबलो होतो. मराठी माणसांनी पडद्यावर पाहिलेली पहिली माणसं त्या पदार्थावर होती.

गिटारच्या कडेला तोच पदार्थ न पेटताही संपत जातो. त्यातला कापूर वर्षानुवर्षं हवेत उडून जातो आणि पट्टी आखडते. गिटारच्या कमरेशी, जिथे बाक आत वळतो, तिथे ती आधी सुटते. फारच बिघडली तर तिच्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि बंद पेटीत तारा, खुंट्या गंजतात. तरीही जुन्या वाद्यांवर ती जो मधाळ पिवळा रंग धरते, तो नव्या प्लास्टिकला येत नाही हे मान्य करायलाच हवं.

भाच्याचा ओढा शिंपल्याकडे. 1933 साली मार्टिन कंपनीने जीन ऑट्री या गाणाऱ्या काउबॉयसाठी पहिली डी-45 घडवली, कडेकडेने शिंपला लखलखणारी. तिचा फोटो भाच्याच्या फोनवर कायम असतो. रंगमंचावर ती शोभते. घरात मांडीवर घेऊन वाजवायच्या वाद्याला मला लाकडाचीच कड आवडते. शिसवीची घ्यावी. मार्टिनने 1969 मध्ये ब्राझीलची शिसवी सोडून भारतीय शिसवी धरली, आणि आपल्या पश्चिम घाटात वाढणारं हे झाड जगभरच्या गिटारांच्या पाठीला लागलं. लाकूड लाकडाबरोबर फुगतं, आकसतं. पन्नास वर्षांनी कमरेशी सुटेल ही धास्ती कमी. शिसवीच्या आत मेपलची एकच बारीक पांढरी रेघ असली की पुरे.

फ्रेटबोर्डवर वेली, पक्षी, नावाची अक्षरं काही नकोत. ठिपके मात्र हवेत, आणि बाराव्या फ्रेटपाशी दोन, खऱ्या शिंपल्याचे. तिथे तार बरोबर निम्मी होते आणि मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात लागतो. इतकी मोठी गोष्ट जिथे घडते, ती जागा कोरी ठेवू नये, असं मी भाच्याला बजावलं आहे.