नाव आजीचे, पण कोणते?

मराठीचे प्राध्यापक म्हटले की लोक दोन कामांसाठी हमखास दार ठोठावतात: लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला आणि बाळासाठी नाव सुचवायला. आम्ही दोघेही हाच विषय शिकवत असल्याने दोन्ही कामे आमच्याकडे दुपटीने येतात. नावाबद्दलच्या अटी बहुधा ठरलेल्या असतात. नाव दोन अक्षरी असावे, ओळखीत कोणाचे नसावे, परदेशात सहज उच्चारता यावे आणि अर्थ मात्र संस्कृतात निघावा.

आमची एक जुनी विद्यार्थिनी मात्र नाव ठरवूनच आली. तिला मुलीचे नाव आजीवरून 'यमुना' ठेवायचे होते. घरात विरोध होता. नाव जुनाट आहे, शाळेत मुले 'यमी' म्हणून चिडवतील, हे नेहमीचे आक्षेप होतेच. पण एक आक्षेप बिनतोड वाटावा असा होता. आजीचे नाव तर सुशीला. मग ही यमुना आली कुठून?

यमुना हे आजींचे माहेरचे नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि त्यानंतर रेशनकार्डापासून निधनाच्या बातमीपर्यंत त्या सुशीलाबाईच राहिल्या. 'यमूताई' म्हणणारा एक धाकटा भाऊ तेवढा होता. यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला ती यमद्वितीया. आपण तिला भाऊबीज म्हणतो. त्या दिवशी ही हाक घरात हमखास ऐकू येई. भाऊ वारल्यावर आजी नातीला एवढेच म्हणाल्या, "आता मला यमू म्हणणारं कोणी उरलं नाही."

हे ऐकताना आम्हाला आमच्या अभ्यासक्रमातल्या यमुना आठवल्या. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो त्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ची (१८५७) नायिका यमुना. १८६२ साली जन्मलेल्या यमुना कुर्लेकर पुढे रमाबाई रानडे झाल्या. १८६५ साली जन्मलेल्या यमुना जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेतली, ती आनंदीबाई म्हणून. तिघींपैकी जिचे नाव शाबूत राहिले ती कादंबरीतली.

तरी सासरचे नाव म्हणजे केवळ अन्याय, असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही. 'आनंदी' हे नाव लादलेले असेल, पण त्या नावाला जो अर्थ आला तो त्या बाईंनी स्वतःच्या कष्टाने आणला. सुशीलाबाईंनीही साठ वर्षांचा संसार त्याच नावाने केला. शिवाय माहेरचे नाव तरी कोणी स्वतः निवडलेले असते? मग दोन्हींपैकी खरे नाव कोणते?

आम्हाला वाटते, प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, हाकेचा आहे. सुशीला हे नाव कागदोपत्री सुरक्षित आहे. यमुना हे नाव फक्त हाकेत होते, आणि हाक मारणाऱ्याबरोबर ते संपले. जुने नाव आवडते म्हणून ठेवणे ही अभिरुची झाली, आणि अभिरुची दर दहा वर्षांनी बदलते. बुडालेली हाक पुन्हा घरात यावी म्हणून ते ठेवणे ही गोष्ट निराळी. मात्र आजीच्या दुःखाचे गाठोडे नातीच्या मुलीच्या डोक्यावर देऊ नये. तिला ते नाव नदीसारखे मोकळे मिळावे. मागची हकीकत मोठेपणी कळली तरी पुरे. चिडवण्याचे म्हणाल, तर मुले कोणत्याही नावावरून चिडवतात. त्यांची प्रतिभा नावाच्या वयावर अवलंबून नसते. आम्ही 'यमुना'च्या बाजूने मत दिले.

असो. विद्यार्थिनी गेल्यावर आम्ही दोघांनी आपापल्या आज्यांची माहेरची नावे आठवून पाहिली. चार आज्या; नावे दोघींचीच सांगता आली. ज्या घरात मराठीतल्या लेखिकांची जन्मनावे तोंडपाठ आहेत, त्या घरातली ही स्थिती. मग गावाकडे फोन केले. एकीचे नाव नव्वदीच्या एका आतेने क्षणभर थांबून सांगितले: भागीरथी. चौथीचे नाव सांगू शकेल असे आता कोणी हयात नाही.