न केलेला दस्त

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला येणारी आमच्या पेडण्याकडची बरीच माणसं परतण्याआधी वकीलबाबांचा जिना चढत. ते अशिलाची पिशवी स्वतःच टेबलावर उपडी करत. घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, रेशनकार्ड, एक-चौदाचा उतारा, सगळे गठ्ठे वेगळे लागत. आमच्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ या रकान्यात आजोबांचं नाव निघालं, तेव्हा त्यांनी त्याखाली नखाने रेघ ओढून बाबांना दाखवली.

आम्ही मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे. गोव्याचा मुंडकार कायदा १९७५ चा. मामलेदाराकडे नोंद करता येते, गावात घर आणि भोवतालची ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेता येते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. (भाटकाराला असणार.) नोंदीचा अर्ज वकीलबाबांनी लिहिला. पण अर्ज काय, दुसऱ्या वकिलानेही लिहिला असता.

आजोबा वारल्यावर बाबा आत्याला वकीलबाबांकडे घेऊन गेले. तिने घरावरचा हक्क सोडायचा, असं ठरलं होतं. ठरवलं बाबांनी, आत्या मान हलवून मोकळी झाली होती. वकीलबाबांनी बाबांना चहा प्यायला खाली पाठवलं. मी शाळकरी, म्हणून आतच राहिलो.

“बाय, पोर्तुगीज गेले, पण त्यांचा १८६७ चा दिवाणी कायदा आपल्याकडे राहिला. अर्धा वाटा तुझ्या आईचा. उरलेल्या अर्ध्यात तू आणि भाऊ सारखे. सोडायचंच असेल तर नवऱ्यालाही आण, नोटरीसमोर दस्त वाचून घे, मग सही कर.”

आत्या म्हणाली, “उद्या माझ्यावर वेळ आली, तर माहेरी राहायला मिळेल?”

“सही केलीस तर भावाच्या मर्जीने.”

तिने सही केली नाही. बाबांनी रागारागाने फी पुढे केली, तर वकीलबाब म्हणाले, “दस्त झालाच नाही, पैसे कसले?” पुढे मामलेदाराच्या तारखांना बाबा त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून जात, वाटभर अबोला.

काही वर्षांनी आत्या विधवा होऊन परतली. कुणाला विचारावं लागलं नाही. बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं हगणं-मुतणं तिनेच काढलं. एकदा ती कूस वळवून देत असताना बाबा म्हणाले, “त्या वकिलाचे त्या दिवसाचे पैसे द्यायचे राहिले गं.”