रंग नेमका कुठे बदलायचा?

कोडोली गावातल्या एखाद्या गूळ व्यापाऱ्याला किंवा पतसंस्थेला वेबसाइट हवी असते, तेव्हा मागणी मोजकीच असते: नाव, पत्ता, फोन, चार फोटो, आजचा भाव किंवा ठेवीचे दर, आणि ते आपलं आपल्याला बदलता यावं. याला पुरेसं सॉफ्टवेअर फुकटही मिळतं. तरी दर बदलायला बसलेला माणूस मेनूंमध्ये अडकतो आणि ‘आपल्याला कॉम्प्युटरचं कळत नाही’ म्हणून उठतो. वस्तूची रचना चुकलेली असताना वापरणारा स्वतःला दोष देतो, हे डिझाइनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 च्या पुस्तकात मांडलं होतं. वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरला ते आजही लागू आहे. कारण त्याचे पडदे सॉफ्टवेअरच्या पोटातल्या रचनेप्रमाणे लावलेले असतात, बसलेल्या माणसाच्या कामाच्या क्रमाप्रमाणे नव्हे.

जगातल्या सर्वाधिक वेबसाइट्स ज्यावर चालतात ते वर्डप्रेस घेऊ. डिसेंबर 2018 मध्ये 5.0 आवृत्तीत त्याचा लिहिण्याचा पडदा बदलला. सलग लिहायची जागा गेली. प्रत्येक परिच्छेद, फोटो, मथळा वेगळा ब्लॉक झाला. जुना पडदा परत आणणारं ‘क्लासिक एडिटर’ हे प्लगइन पुढे 50 लाखांहून अधिक वेबसाइट्सवर चालू झालं. सुरुवातीला 2021 अखेरपर्यंतच सांभाळायचं ठरलेल्या या प्लगइनची मुदत नंतर वाढवावी लागली. मग जानेवारी 2022 मध्ये 5.9 आली. नव्या पद्धतीच्या थीममध्ये साइटचं रूप बदलायच्या ‘कस्टमाइझ’ची जागा ‘एडिटर’ने घेतली, जुन्या थीममध्ये ते तसंच राहिलं. त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरवरच्या शेजारच्या दोन दुकानांच्या साइट्समध्ये मेनू बदलायची जागा वेगळी असू शकते, आणि एकीसाठी पाहिलेला शिकवणीचा व्हिडिओ दुसरीला उपयोगी पडत नाही. रंगाचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. रंग संपूर्ण साइटला देता येतो, सगळ्या बटणांना मिळून देता येतो, एकट्या बटणालाही देता येतो, आणि जास्त नेमक्या जागी दिलेला रंग बाकीच्यांवर मात करतो. नियम सीएसएसचा, म्हणजे वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा आहे, चांगला आहे. पण माणूस साइटचा रंग बदलतो आणि बटण हिरवंच राहतं, तेव्हा ‘या बटणाला आधीच वेगळा रंग दिलेला आहे’ एवढं वाक्य त्याच्यासमोर यायला हवं. ते येत नाही.

पडदा कामाशी जुळवला की काय होतं, याचा पुरावा कोडोलीशेजारच्या वारणानगरात आहे. 1998 मध्ये वारणा खोऱ्यातल्या सुमारे 70 गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या केंद्रांतल्या कॉम्प्युटरवरून शेतकऱ्याला सगळ्या जगाची माहिती मिळावी, असा हेतू होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा त्या यंत्रांचा खरा उपयोग उसाच्या नोंदी, तोड, काट्यावरचं वजन अशा साखर कारखान्याच्या मोजक्या कामांपुरता आढळला. त्यांनी काही गावांत कॉम्प्युटरऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तीच कामं चालवून दाखवली. आपल्या उसाचं वजन किती भरलं, हा शेतकऱ्याचा प्रश्न होता, आणि त्या व्यवस्थेत त्याला थेट उत्तर होतं.

यावर म्हणता येईल, की वजन विचारणं वेगळं आणि वेबसाइट उभी करणं वेगळं. सोयी वाढल्या की बटणं वाढणारच. मान्य. तक्रार बटणांच्या संख्येची नाहीच. रोज लागणारं आणि वर्षातून एकदा लागणारं एकाच ठळकपणे समोर का ठेवायचं, हा प्रश्न आहे. दुसरा आक्षेप शिकण्याचा: ट्रॅक्टरही शिकावाच लागतो. खरं आहे, पण शिकलेल्या माणसाच्या पायाखालचे ब्रेक आणि क्लच कुणी रात्रीतून हलवत नाही. शिकायची मेहनत मागायचा हक्क त्यालाच, जो शिकवलेलं जागेवर ठेवतो.

यावर एक सल्ला सर्रास मिळतो: तयार टेम्पलेट घ्या, कशालाही हात लावू नका. मराठी माणसाला तो सर्वांत महाग पडतो. टेम्पलेट बहुधा रोमन अक्षरं समोर ठेवून केलेलं असतं. मथळ्यातली अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून दिलेलं अंतर देवनागरीत शिरोरेखा तोडू शकतं, आणि ओळी जवळ आणल्या की वरचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. म्हणजे हात लावावाच लागतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील, तर बऱ्याच फॉन्टमध्ये पान मराठीत असल्याची नोंद असावी लागते. वर्डप्रेसमध्ये ती नोंद ‘साइटची भाषा’ निवडल्यावर होते, पण हा पर्याय फॉन्टजवळ नाही, सर्वसाधारण सेटिंग्जमध्ये आहे. आणि मराठी निवडली की सगळे मेनूही मराठी होतात. व्हिडिओतली इंग्रजी बटणं सापडेनात म्हणून माणूस भाषा पुन्हा इंग्रजी करतो, आणि त्याच्या नकळत दुकानाच्या पानावरचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होतात. मेनूंची भाषा वेगळी ठेवायची सोय वर्डप्रेसमध्ये 2016 पासून आहे. ती प्रोफाइलच्या पानावर आहे, आणि भाषा बदलताना तिथे जायला कुणी सुचवत नाही.