नव्या चक्र्या, जुनी सवय

माझ्या माऊंटन बाईकच्या पुढच्या तिन्ही चक्र्या बदलल्या. मधलीचे दाते मोरी माशाच्या परासारखे एका बाजूला वाकले होते. नव्याही त्याच मापाच्या, 44, 32 आणि 22 दात्यांच्या. माप तेच असलं तरी पाय मात्र बावचळले!

जुन्या चक्रीवर चेन कधी चढेल याचा नेम नसे. म्हणून अंगठ्याचा खटका थोडा जास्तच ढकलायचा आणि पेडल दाबत राहायचं, ही वर्षांची सवय. नव्या चक्रीला हे चालत नाही. तिच्या आतल्या अंगाला ठरावीक जागी उतार कापलेले असतात, बारीक खिळे बसवलेले असतात. तो खिळा फिरून वर येतो, चेनला हात दिल्यासारखं उचलतो आणि दात्यांवर नेऊन ठेवतो. तेवढा अर्धा फेरा थांबायला हवं. खटका जास्त ढकलला तर चेन 32 वर न थांबता सरळ 44 वर. चढावर असं झालं की पाय जागीच अडतो, आणि मागून गाडी येत असेल तर जीव गोळा होतो.

मागचे गिअर इतके नाजूक नसतात. का, ते उशिरा लक्षात आलं. मागे चेन खालच्या, सैल बाजूला सरकवली जाते. पुढे मात्र ती वरच्या बाजूला, म्हणजे आपण पायांनी ताणून धरलेली असतानाच सरकवावी लागते. तेव्हा आधी पायांचा जोर सोडायचा, पेडल नुसतं फिरवत ठेवायचं, मगच हात. चोर्ला घाटात वळण दिसताच, चढ अंगावर येण्याआधीच 22 वर उतरायचं. मागे 34 चा दाता असला की पेडलच्या एका फेरीत चाक पाऊण फेराही फिरत नाही. गुडघ्यांना हेच हवं असतं.

2012 नंतर पुढे एकच चक्री ठेवायची पद्धत आली. तरुण मित्र म्हणतात, "काका, काढून टाका ती तीन." त्यांचे गुडघे अजून नवे आहेत. गोव्यात सकाळी खाडीकाठ आणि रविवारी घाट असं ज्याचं चालतं, त्याला तीनच बऱ्या.

44 वर मी जातो तो पणजी-रायबंदरच्या सपाट कॉजवेवर, तोही वारा पाठीशी असला तरच.