पोलादाच्या गावात लाकडाचा शोध

भिलाई म्हटले की डोळ्यांसमोर येतात त्या धगधगत्या भट्ट्या आणि मैलोन्मैल पसरलेले रूळ. सोविएत मदतीने उभारलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून हे गाव लोखंडाचेच झाले. अशा गावात कोणी चांगल्या लाकडाच्या शोधात हिंडतो आहे, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला गंमत वाटेल.

पण सेक्टरांमधल्या घरांत हा शोध नेहमीच चालू असतो. त्याचे कारण साधे आहे. टाउनशिपमधले क्वार्टर कारखान्याचे. नोकरी संपली की ते सोडायचे. तीस-पस्तीस वर्षे ज्या अंगणात तुळस वाढवली, ते अंगण मागे राहते. मग कोणी रिसालीत किंवा नेहरूनगरात घर बांधतो, कोणी नागपूरला परततो. बरोबर येते ते फक्त सामान. म्हणूनच पलंग, कपाट, देव्हारा चांगल्या लाकडाचा असावा, मुलांनाही पुरावा, असे गृहिणीला वाटते. आणि मग प्रश्न पडतो, लाकूड आणायचे कोठून?

दोन जंगलांच्या मध्ये

खुद्द दुर्ग जिल्हा म्हणजे धानाचे सपाट मैदान. पण बालोद, राजनांदगाव, कवर्धा, धमतरी, कांकेर अशा कोणत्याही बाजूला निघाले की काही तासांत जंगल लागते. पश्चिमेला साग आणि मिश्र जंगल, धमतरीच्या सिहावा भागात आणि बस्तरकडे सालाची रांग. छत्तीसगडचा सुमारे ४४ टक्के भूभाग वनक्षेत्र म्हणून नोंदलेला आहे आणि राज्याचा वृक्षही सालच. गावकरी त्याला 'सरई' म्हणतात. पूर्वी याच सालाचे स्लीपर रुळांखाली घातले जात. आता तिथे काँक्रीट आले आहे.

इतके जंगल जवळ असूनही अनेक घरांत पैसे वाया जातात. कारण दुकानात शिरताच गिऱ्हाईक एकच शब्द उच्चारते, 'सागवान दाखवा.'

सागाशिवाय काय?

आज दुकानात 'साग' या नावाखाली आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचे लाकूडही मिळते. 'मलेशियन साल' नावाने मिळणाऱ्या लाकडाचा इथल्या सरईशी संबंध नसतो. ही लाकडे वाईटच असतात असे नाही, पण भाव जुन्या सागाचा आणि माल कोवळा, असे होऊ नये. कोवळ्या सागात बाहेरचा पांढरट भाग जास्त असतो आणि तोच भुंगा आधी पोखरतो. रंग लावून तो झाकता येतो. म्हणून फळीवर एका कोपऱ्यात रंधा मारून पाहण्याचा आग्रह धरावा.

जाणता मिस्त्री मात्र आधी विचारतो, 'वस्तू कोणती करायची?' दाराच्या चौकटीला साल उत्तम. तो जड आणि टिकाऊ असतो, पण नीट वाळला नाही तर तडकतो आणि पीळ घेतो, म्हणून कपाटाच्या पातळ फळ्यांना तो नको. पलंगाला आणि टेबलाला बिजा, म्हणजे आपला बिबळा, सागाच्या तोडीचा. त्याच्या लाकडाचा पेला करून त्यात पाणी ठेवतात आणि मधुमेहावर पितात, हे अनेकांनी ऐकलेले असते. मात्र ओल लागली तर तो पिवळा डाग सोडतो, तेव्हा भिंतीच्या ओलीपासून तो दूर ठेवावा. जंगलात तो विरळ होत चालला आहे, हेही ध्यानात असावे.

साजा म्हणजे ऐन. ज्याच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखे चौकोन दिसतात, तोच हा वृक्ष. तुळया आणि चौकटी यांना तो चालतो. खम्हार म्हणजे शिवण हलकी असते, वाळल्यावर फारशी हलत नाही, म्हणून पाळणा, देव्हारा, खणांच्या फळ्या यांना ती योग्य. हळदू म्हणजे हेद. तो पिवळसर आणि बारीक पोताचा असल्याने कोरीव कामाला छान. आणि धानाच्या बांधावरची बाभूळ! बैलगाडीच्या चाकाला पिढ्यान् पिढ्या तीच वापरली गेली. खेड्यातले लोक ती आधी गावतळ्यात बुडवून ठेवतात, मग वाळवतात. असे केले की कीड कमी लागते.

कागद आधी, लाकूड नंतर

स्वस्तात घरपोच लाकूड आणून देणारा कोणी ना कोणी भेटतोच. तेथेच सावध व्हायला हवे. साग, साल, बिजा अशा मौल्यवान लाकडाच्या व्यापारावर १९६९ च्या वनोपज व्यापार कायद्यापासून शासनाचे नियंत्रण आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रसिद्ध आदेशाने विनापरवाना आरागिरण्यांवरही टाच आली. चोरीचे लाकूड घरात सापडले तर माल जप्त होतो आणि वर कायद्याची कटकट मागे लागते. शिवाय त्या स्वस्त फळीसाठी कोणते झाड पडले, हेही मनाला विचारावे.

सरळ मार्ग दोन. पहिला वनखात्याच्या काष्ठागाराचा. तोडलेले लाकूड तिथे जात, लांबी आणि घेर पाहून लावलेले असते. प्रत्येक नगावर क्रमांक आणि हातोड्याचा ठसा असतो. लिलावाआधी लॉट पाहता येतात. पण लॉट मोठे असतात, अनामत भरावी लागते, त्यामुळे एका घराला ते झेपत नाही. मिस्त्रीच्या मदतीने तीन-चार कुटुंबे एकत्र आली तर जमते. कोणते काष्ठागार जवळ आणि लिलाव केव्हा, हे वनमंडळाच्या कार्यालयात समजते. दुसरा मार्ग परवानाधारक आरागिरणीचा किंवा टालाचा. आपल्याकडे जिला वखार म्हणतात, तीच इकडची टाल. तिथे पक्के बिल मागावे आणि लाकूड दुसऱ्या गावी न्यायचे असेल तर वाहतूक परवान्याची चौकशी आधीच करावी.

कोणी म्हणेल, चंद्रपूर-बल्लारशाहचा साग का आणू नये? त्या सागाची थोरवी आहेच. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेले. पण एका पलंगासाठी राज्याची सीमा ओलांडून परवाना आणि भाडे यांचा खटाटोप करण्यापेक्षा जवळचा बिजा परवडतो.

मोजमाप शिका

ओंडका विकत घेताना बाजारात जुना हिशेब चालतो. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर ४ फूट आणि लांबी ८ फूट असेल तर १ गुणिले १ गुणिले ८, म्हणजे ८ घनफूट. खरे तर गोल ओंडक्यात १० घनफुटांहून थोडे जास्त लाकूड असते. साल आणि कापणीतली घट त्या फरकात धरलेली असते. काष्ठागारात हिशेब घनमीटरचा. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. एवढे पाठ असले तरी गृहिणीची फसगत टळते.

पहिला पावसाळा

सर्वांत मोठी चूक होते ती घाईची. भिलाईचा उन्हाळा कडक आणि पावसाळा दमट. त्यात उन्हाळ्यात घरोघरी कूलर. ओल्या लाकडाचे कपाट मे महिन्यात आकसते आणि जुलैमध्ये त्याचे दार अडकते. इंचभर जाडीची फळी सावलीत, हवेशीर जागी साधारण वर्षभर वाळावी. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थर रचावा, टोकांना रंग लावावा म्हणजे चिरा कमी पडतात. वर्षभर थांबणे शक्य नसेल तर भट्टीत वाळवलेले लाकूड घ्यावे किंवा पाडकामातल्या जुन्या तुळया पाहाव्यात. त्या केव्हाच्या वाळलेल्या असतात. फक्त खिळे काढून घ्यावेत.

भिलाई मुंबई-हावडा मार्गावर आहे. नागपूरहून दुर्ग सुमारे २६५ किलोमीटर. भिलाई पॉवर हाउस हे स्टेशन बाजाराला जवळ. लाकूड पाहायला जायचे तर पावसाळा संपल्यावर जावे आणि मिस्त्रीला बरोबर न्यावे.

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असतील तर फळ्या आजच घेऊन ठेवाव्यात. क्वार्टरच्या चाव्या परत करण्याचा दिवस येईपर्यंत लाकूड वाळलेले असेल, देव्हारा तयार असेल आणि नव्या घरातल्या पहिल्या पावसाळ्यात त्याचे दार अडकणार नाही.