म्हातारीचं दुःख

त्या डॉक्टरला नाव नव्हतं. २०१३ साली आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस’ या व्हिडिओ गेमच्या शेवटी, सॉल्ट लेक सिटीतल्या एका रुग्णालयात, तो शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभा असतो. टेबलावर चौदा वर्षांची एली बेशुद्ध पडलेली. बुरशीच्या साथीनं जग उजाड केलंय, पण एलीला तिची बाधा होत नाही. तिच्या मेंदूत वाढलेली बुरशी काढली तर कदाचित लस बनेल. मुलगी मात्र वाचणार नाही. तिला इथवर घेऊन आलेला जोएल दार उघडून आत येतो. त्या वेळी जोएल म्हणजे आपणच, त्याचे हात आपल्या बोटांवर चालतात. डॉक्टर हातात स्कॅल्पेल घेऊन आडवा येतो आणि त्याला मारल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. मी थांबून पाहिलं, दुसरी काही वाट आहे का. नव्हती. मग मारलं, मुलीला उचललं आणि निघाले. मागे कोण पडलंय हे वळून पाहावंसंही वाटलं नाही.

सात वर्षांनी, जून २०२० मध्ये, दुसरा भाग आला. त्यात ॲबी नावाची एक तरुणी एलीच्या डोळ्यांदेखत जोएलला गोल्फच्या काठीनं मारून टाकते. सूड घ्यायला एली सिॲटलला जाते, आणि तिच्याबरोबर आपण. तीन दिवस ॲबीची माणसं टिपत जायची. मग कथा अर्ध्यावर आली असताना, एका जुन्या थिएटरात, दोघी समोरासमोर येतात आणि नेमका तिथेच खेळ थांबतो. तेच तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आता ॲबी होऊन. तेव्हा कळतं की डॉक्टरचं नाव जेरी होतं, तारेत अडकलेल्या झेब्र्याला सोडवायला तो धावला होता आणि ॲबी त्याची मुलगी.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आजीच्या तोंडी ही म्हण कायम असायची, आणि ती बहुतेक वेळा बांधावरून. आमच्या शेताला लागून भावकीतल्याच एका घराचं शेत. दर वर्षी पेरणीआधी त्यांच्या नांगराचं एखादं तास बांधात शिरायचं. आजोबा म्हणायचे, जाऊ दे, वीतभर माती आहे. आजी म्हणायची, “अहो, म्हातारी मेल्याचं दुःख नाही.” पुढचं अर्धं ती बोलतही नसे. मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले, पुढच्या पावसाळ्यानंतर एक दगड हललेला निघाला. मग बोलणं बंद, लग्नाच्या पत्रिका बंद. सुतक तेवढं उरलं. भावकीचं सुतक काही भांडणाला विचारून येत नाही.

त्या घरातली म्हातारी खरोखरच वारली, तेव्हा आमच्या घरात दहा दिवस देवपूजा नव्हती, गोडधोड नव्हतं. आणि दुःखही नव्हतं. लहानपणी मला ते फार विचित्र वाटायचं. जिच्या नावानं घरात बोटं मोडली जायची, तिच्यासाठी आपण सणाचा दिवस मोडायचा, तो कशासाठी? फार पुढे, कुणाच्या तरी बोलण्यातून समजलं की दोन पिढ्यांमागच्या वाटणीत खडकाळ भाग त्यांच्या पदरी आला होता आणि नवरा गेल्यावर तो खडक एकट्या म्हातारीनं फोडून काढला होता. नांगर बांधात घालायला सांगणारी तीच होती, असं आमच्याकडे म्हणत. त्यांच्याकडे काय म्हणत असतील? कदाचित हीच म्हण. आमच्या पणजोबांनी वाटणी केली तेव्हा त्या घरातली एखादी बाईही म्हणाली असेल, जमिनीचं दुःख नाही, काळ सोकावतो.

ती म्हण मी पूर्वी शहाणपणाची समजत होते. आता तिच्यातल्या म्हातारीकडे लक्ष जातं. तिला शेवटचं पाणी कुणी पाजलं? तिच्या जाण्यानं ज्यांना दुःख झालं, ती माणसं या म्हणीत कुठेच नाहीत. बोलणाऱ्याला काळजी आहे ती पुढच्या पाळीची, म्हणजे स्वतःची. रुग्णालयातला डॉक्टर माझ्यासाठी ती म्हातारी होता. सात वर्षं.

ॲबी होऊन खेळायला लावलं तेव्हा गेमनं माझ्यावर भावकीचं सुतकच घातलं. दुःख वाटो न वाटो, पाळायचं. तिच्या खोलीतून हिंडायचं, तिच्या मित्रांशी बोलायचं, एलीच्या हातून मेलेली ॲलिस नावाची कुत्री जिवंत असलेली पाहायची. पुष्कळांना ते सहन झालं नाही. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. मी धमक्या देणाऱ्यांपैकी नव्हे, पण थिएटरातल्या मारामारीत ॲबीच्या हातानं एलीला मारायची वेळ आली तेव्हा मी बटणं दाबायची सोडून बसले. ॲबी मेली. खेळ पुन्हा तिथूनच सुरू झाला. पुन्हा मेली, पुन्हा सुरू. शेवटी एलीला लोळवलंच.

सुतक पाळून माया उपजते का? थोडी उपजली, हे खरं. पण ती कुणी उपजवली? झेब्रा लेखकांनी आणून ठेवलाय, कुत्रीही. मग आठवलं, जोएलसाठी त्यांनी हेच आधी केलं होतं. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच त्याची मुलगी सारा त्याच्या मिठीत जाते. ज्याचं दुःख मला आधी दाखवलं, तो माझा झाला. म्हणजे खलनायक कोण, हे क्रमानं ठरलं? डॉक्टरही तसा निर्मळ नाही. एलीला कुणी विचारलंच नव्हतं. तुझी ॲबी तिथे असती तर, असं त्याच्या गटाची प्रमुख मार्लीन हिनं विचारल्यावर जेरी गप्प होतो. त्या गप्प होण्यावर माझा त्याच्याबद्दलचा लोभ अडतो, आणि त्याच गप्प होण्यामुळे तो मला पहिल्यांदा खरा माणूसही वाटतो.

आणि काळ सोकावला कुणामुळे? ॲबीनं जोएलला मारलं तेव्हा एलीला जिवंत सोडलं होतं. सोडलं म्हणूनच ॲबीचे सोबती गेले. थिएटरात दुसऱ्यांदा सोडलं, तर एली मांडलेला संसार टाकून सांता बार्बराच्या किनाऱ्यापर्यंत आली. तिथे तिनं खंगलेल्या ॲबीचं डोकं पाण्याखाली धरलं, आणि मग हात काढला. तोवर डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. जोएलनं शिकवलेली गिटार तिला पुन्हा नीट वाजवता येत नाही. आजीच्या हिशेबानं सोडून दिलं की काळ सोकावतो. या कथेत धरून ठेवलं तरी सोकावतो. एलीनं हात काढला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग जोएलचं काय, असंही वाटलं. समजून घेतलं की राग उतरतो, असं मी धरून चालले होते. राग आहे तिथेच आहे, त्याच्या शेजारी आता जेरी येऊन बसलाय.

त्या घरातल्या नातवानं गेल्या महिन्यात निरोप पाठवला. पुन्हा एकदा मोजणी आणू आणि काय ते मिटवून टाकू म्हणतो, हवं तर त्याच्या बाजूनं वीतभर सोडायलाही तयार आहे. बाबा म्हणतात, तूच ठरव. त्याला हो म्हणावं, असं मला मनापासून वाटतं. फोन हातात घेतला की आजी पुढचं अर्धं न बोलता माझ्याकडे बघते, आणि त्याची म्हातारीही बघते. मी अजून काही कळवलेलं नाही.