सगळे एक्स्पर्टच पाहिजेत!

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये मी तावातावाने म्हणालो, "निवडणुका-बिवडणुका बंद करा राव. देश टेक्नोक्रॅट्सच्या ताब्यात द्या!" सगळ्यांनी माना डोलावल्या. शनिवारी कामशेतला मामाकडे गेलो, तिथेही तीच टेप लावली.

मामाने चहाची बशी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "बऊर माहितीये ना रे?"

माहिती होतं. इथून जवळच, एक्स्प्रेसवेला लागून. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला शेतकऱ्यांनी तिथे रस्ता अडवला. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले.

इंजिनीअर म्हणून बघाल तर डिझाइन चोख. नदीतून सोडण्यापेक्षा पाइपातून नेलं की पाणी वाया जात नाही, घाणही मिसळत नाही. पण मामीचं माहेर पवन मावळातलं. त्यांचा सवाल सोपा होता, "नदीला पाणीच नाही आलं तर आमची मोटर काय ओढणार?" याचं उत्तर हायड्रॉलिक्सच्या पुस्तकात नाही. कोणाचं पाणी कोणाला, हे ठरवावं लागतं, आणि ज्याचं जातंय त्याला विचारून ठरवावं लागतं. ही योजना काही टेक्नोक्रॅट सरकारची नव्हती, मान्य. पण न विचारण्याची किंमत बघा: काम बंद पडलं आणि स्थगिती उठायला २०२३ उजाडलं.

गंमत म्हणजे त्याच २०११ च्या नोव्हेंबरात इटलीत माझ्या स्वप्नातलं सरकार आलं. अर्थतज्ज्ञ मारिओ मोंटी पंतप्रधान, मंत्रिमंडळात एकही पक्षाचा पुढारी नाही. त्यांनी निवृत्तीचं वय वाढवलं, कर वाढवले. पण कायदे पास करायला मतं लागली ती पक्षांचीच. आणि २०१३ च्या निवडणुकीत मोंटींच्या आघाडीला मिळाली जेमतेम दहा टक्के मतं.

आपल्याकडे खासदार नसलेल्यालाही मंत्री करता येतं, पण सहा महिन्यांत त्याला संसदेत यावं लागतं. सी. डी. देशमुखच घ्या. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ला अर्थमंत्री. अस्सल टेक्नोक्रॅट! पण १९५२ ला ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. आणि १९५६ ला मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. एवढा आकड्यांचा माणूस, पण हा प्रश्न आकड्यांचा नाही हे त्यांना कळलं होतं.

मला मात्र कळायला मामाचा चहा लागला. गेल्या वर्षी आमच्या टीमने गोदामातल्या लोकांना न विचारता एक झकास सिस्टिम बनवली होती. ती मंडळी अजून वहीतच लिहितात.

असो. सोमवारी कॅन्टीनमध्ये शब्द मागे घ्यायचेत. एक्स्पर्ट पाहिजेतच, पण चुकले तर घरी पाठवता येतील असे.